शुगाबेब्ज: गळे सहा, संच चार, आणि नाव कोणाचं?

उलटी_कॅसेट (धागाकर्ता)

ब्रिटिश मुलींच्या गायनगटांचा विषय निघाला की चर्चा स्पाइस गर्ल्सपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शुगाबेब्जचं नाव कोणी काढलंच, तर 'त्या सारख्या मुली बदलायच्या त्याच ना?' एवढ्यावर भागवतात. बदलायच्या हे खरंच. पण ज्यांची सहा गाणी ब्रिटनमध्ये नंबर वन झाली त्यांच्याबद्दल एवढंच बोलायचं? म्हणून हा धागा.

आधी हजेरीपट लावतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

पहिला संच, १९९८ ते ऑगस्ट २००१: शिवॉन डॉनही, मूटिया ब्वेना, कीशा ब्युकॅनन. मॅनेजर रॉन टॉम, आधी ऑल सेंट्स हा मुलींचा गट सांभाळलेले.
दुसरा, २००१ ते डिसेंबर २००५: कीशा, मूटिया, हायडी रेंज. हायडी लिव्हरपूलची. अटॉमिक किटन या दुसऱ्या मुलींच्या गटाच्या अगदी सुरुवातीच्या संचात होती, पण त्यांचं पहिलं गाणं बाजारात येण्याआधीच तिथून निघाली.
तिसरा, डिसेंबर २००५ ते सप्टेंबर २००९: कीशा, हायडी, अमेल बेराबा.
चौथा, सप्टेंबर २००९ ते २०११: हायडी, अमेल, जेड यूवन. जेड त्याच वर्षी मॉस्कोच्या युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत ब्रिटनकडून गाऊन पाचवी आली होती.

चौथ्या संचात मूळच्या तिघींपैकी एकही उरली नव्हती. आपल्याकडे गाजलेलं नाटक नव्या संचात आलं की निदान नाटक तेच असतं. इथे संहिताही बदलत होती, राहिली ती फक्त पाटी.

माझा प्रश्न असा: २००८ नंतर हा गट घसरला तो मुली बदलल्यामुळे, की गाणी बदलल्यामुळे? मला दुसरं कारण जास्त पटतं. तपशील माहीत असलेल्यांनी लिहा.

---

मंद्रसप्तक

धागा उत्तम. गाण्यांकडे जाण्याआधी गळ्यांबद्दल लिहायला हवं, कारण हा गट उभाच तीन वेगळ्या पोतांच्या आवाजांवर होता.

मूटियाचा आवाज खालचा आणि जाडसर. ती ओळ सुरू करते तेव्हा सूर थोडा मागून येतो, आळसावल्यासारखा. कीशा त्याउलट हरकती घेणारी, आर अँड बी या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकीच्या तालमीतली. ओळीच्या शेवटी जी नक्षी ऐकू येते ती बहुधा तिची. शिवॉनचा आवाज बारीक, श्वास मिसळलेला. तिघी एकत्र गातात तेव्हा सूर एकजीव होत नाहीत, प्रत्येकीचा धागा वेगळा ऐकू येतो. स्पाइस गर्ल्समध्ये पाचही जणी धृपदात एकच चाल गातात, त्यामुळे घोळक्याचा परिणाम मिळतो. इथे तीन ओळी एकमेकींच्या वर-खाली चालतात.

सप्टेंबर २००० मध्ये आलेलं 'ओव्हरलोड' हेडफोनवर ऐका. बेसची एकच आकृती जवळजवळ पूर्ण गाणंभर फिरते, सुरावट मुद्दाम सपाट ठेवली आहे, मध्ये चक्क गिटारचा एकल तुकडा आहे. गाताना मुली पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. गीतकारांत तिघींची नावं आहेत, सोबत कॅमेरॉन मॅकवे, पॉल सिम वगैरे मंडळी. गाणं ६ व्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिट या ब्रिटनच्या मोठ्या संगीत पुरस्काराचं नामांकन मिळालं. अल्बम 'वन टच' मात्र २६ वर अडकला. पुढची तीन गाणी १२, १३ आणि ३० वर. त्यांच्या कंपनीने, लंडन रेकॉर्ड्सने, हिशेब मांडला आणि हात काढून घेतला. त्याआधी शिवॉन जपानच्या दौऱ्यातच गटाबाहेर पडली होती.

तेव्हा उलटी_कॅसेट, 'मुली बदलल्या आणि गट संपला' हे गणित २००१ मध्येच चुकलेलं आहे. एक मुलगी गेली, कंपनी गेली, आणि पुढच्याच गाण्याने गट नंबर वनवर गेला.

---

डबल_डेक

ते पुढचं गाणं 'फ्रीक लाइक मी', एप्रिल २००२. ते कसं तयार झालं यावर स्वतंत्र धागा निघेल, इथे थोडक्यात.

रिचर्ड एक्स हा निर्माता २००१ च्या आसपास 'गर्ल्स ऑन टॉप' या नावाने बेकायदा मिश्रणं काढत होता. त्यातल्या एका रेकॉर्डवर त्याने गॅरी न्यूमनच्या ट्यूबवे आर्मीच्या १९७९ च्या नंबर वन गाण्याचं सिंथ (सिंथेसायझर) वाद्यसंगीत घेतलं आणि त्यावर अडिना हॉवर्डच्या १९९५ च्या 'फ्रीक लाइक मी'चं गायन बसवलं. क्लबांत ते गाजलं. मग ते रीतसर दुकानात आणायचं ठरलं, आणि तिथे अडचण उभी राहिली.

रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. दुसऱ्याचं मुद्रण उचललं की दोन्ही परवानग्या लागतात. तेच गाणं नव्याने गाऊन घेतलं तर फक्त रचनेचा हक्क सांभाळला की पुरतं. हॉवर्डचा मुद्रित आवाज वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून दुसरं कोणीतरी गायला हवं होतं. शुगाबेब्ज तेव्हा नुकत्याच आयलंड रेकॉर्ड्सकडे आल्या होत्या.

चाल जुळवणं सोपं नव्हतं. हॉवर्डची मूळ गायकी संथ आणि ऐसपैस, न्यूमनचा सिंथ यंत्रासारखा काटेकोर. अशा मिश्रणात गायन किंचित जरी लयीच्या पुढे गेलं तरी ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं. इथे मूटियाचा मागून येणारा सूर कामाला आला. सिंथ सरळ चालतो, ती त्याच्या मागे रेंगाळते, आणि दोन वेगळ्या गाण्यांची शिवण दिसत नाही. हायडीचा स्वच्छ, सरळ पॉपचा आवाज वरच्या सुरांत ठेवला आहे. नवी मुलगी शिवॉनच्या जागेवर ठोकून बसवली नाही, तिच्यासाठी वेगळी जागा केली. नंतरच्या संचांत नेमकं हेच राहून गेलं, असं मला वाटतं.

---

पावशेर_पॉप

भर घालतो. हॉवर्डचं १९९५ चं गाणंही अर्धं उसनं आहे, त्यात बूट्सी कॉलिन्सच्या बँडच्या सत्तरीतल्या गाण्याचा भाग आहे. म्हणजे शुगाबेब्जच्या या नंबर वनच्या रचनाकारांत न्यूमन, बूट्सीकडची मंडळी आणि १९९५ चे लेखक, सगळे वाटेकरी. गाणाऱ्या तिघींना लेखनाचा वाटा शून्य. 'ओव्हरलोड'मध्ये तो होता. गट मोठा होतो आणि मुलींचा हिस्सा घटतो तो असा.

---

नवखा_श्रोता

माहितीपूर्ण. एक बाळबोध शंका: हे 'नंबर वन' ठरतं कशावर? रेडिओवर किती वेळा वाजलं यावर का?

---

डबल_डेक

नाही. अमेरिकेच्या मुख्य यादीत रेडिओ मोजतात, ब्रिटनच्या अधिकृत यादीत मोजत नाहीत. तिथे विक्री मोजली जाते, आणि जुलै २०१४ पासून स्ट्रीमिंगही. रेडिओचा उपयोग विक्री वाढवण्यापुरता.

यातूनच तिथली जुनी व्यूहरचना आली. गाणं पाच-सहा आठवडे रेडिओवर आणि टीव्हीवर वाजवायचं, पण दुकानात ठेवायचं नाही. मागणी साठू द्यायची, मग ठरलेल्या सोमवारी सीडी बाहेर काढायची आणि पहिल्या आठवड्यात दर उतरवायचा. दोन वेगळ्या सीडी काढायच्या, एकीवर रीमिक्स, दुसरीवर नवं जोडगाणं, म्हणजे चाहते दोन्ही घेतात. म्हणून २००० ते २००५ च्या काळात गाणी थेट वरच्या क्रमांकावर उतरायची आणि दुसऱ्या आठवड्यापासून घसरायची.

एप्रिल २००५ मध्ये डाउनलोड मोजायला लागले, पण सोबत दुकानातली सीडी असण्याची अट होती. जानेवारी २००७ मध्ये तीही गेली. शुगाबेब्जचं 'अबाउट यू नाउ' त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. डाउनलोडच्या जोरावर ते ३५ वरून थेट १ वर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. ऑक्टोबरात त्यांचा 'चेंज' अल्बमही नंबर वन झाला, म्हणजे दोन्ही याद्यांच्या माथ्यावर एकाच वेळी.

धागाकर्त्यांनी म्हटलेली सहा गाणी: 'फ्रीक लाइक मी', 'राउंड राउंड', 'होल इन द हेड', 'पुश द बटन', 'वॉक धिस वे', 'अबाउट यू नाउ'. पाचवं गर्ल्स अलाउड या दुसऱ्या ब्रिटिश मुलींच्या गटाबरोबर, २००७ च्या कॉमिक रिलीफच्या मदतनिधीसाठी. ऐकायला फारसं बरं नाही. दोन्ही गटांची सरमिसळ केली आणि कोणाचाच रंग उरला नाही.

---

मंद्रसप्तक

'वॉक धिस वे'बद्दल सहमत. पण त्या दोन गटांना जोडणारा खरा दुवा झेनोमेनिया. ब्रायन हिगिन्स आणि मिरांडा कूपर यांची केंट परगण्यातली गीतशाळा. गर्ल्स अलाउडचे जवळजवळ सगळे अल्बम त्यांचे, शुगाबेब्जचं 'राउंड राउंड' आणि 'होल इन द हेड'ही तिथलंच.

त्यांची पद्धत वेगळी होती. एक ठेका घ्यायचा, त्यावर अनेक सुरावटी सुट्या तुकड्यांत लिहायच्या, मग कुठल्या गाण्याचं कडवं आणि कुठल्याचं धृपद जुळतं ते पाहत एक गाणं उभं करायचं. 'राउंड राउंड'ची लय डब्लेक्स इंक. या जर्मन मंडळींच्या मुद्रणावरून घेतलेली आहे. गाणं धावतं, आणि मध्येच वेग गळून पडतो. तो संथ तुकडा हायडीकडे आहे. दुसऱ्या कुठल्यातरी गाण्यातून आणल्यासारखा वाटतो, आणि वाटतो तसाच तो तिथे राहू दिला आहे. जोड लपवायची नाही, दाखवायची, ही झेनोमेनियाची रीत.

याचा धोकाही आहे. तुकडे जुळवणारा माणूस चांगला नसेल तर गाण्याला तीन डोकी होतात.

जाता जाता, २००३ मध्ये त्यांना ब्रिट पुरस्कार मिळाला तो सर्वोत्तम डान्स गटाचा. पॉप गटाला डान्सचा पुरस्कार. त्यांना नेमकं कुठल्या फडताळात ठेवायचं हे तिथल्या लोकांनाही कळत नव्हतं, आणि माझ्या लेखी हेच त्यांचं बलस्थान.

---

जुनी_डिस्क

सीडी जमवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. 'टॉलर इन मोअर वेज' विकत घेताना सावध राहा, त्याच्या दोन आवृत्त्या आहेत.

ऑक्टोबर २००५ ची मूळ आवृत्ती मूटियाच्या आवाजातली. 'पुश द बटन' यातलंच, निर्माता डॅलस ऑस्टिन, तीन आठवडे नंबर वन. हा त्यांचा पहिला नंबर वन अल्बम. पुढचं गाणं 'अग्ली' ३ वर गेलं आणि डिसेंबरात मूटिया गट सोडून गेली. कंपनीकडे तेव्हा चालता अल्बम होता, पुढची दोन गाणी ठरलेली होती, पण गायिका नव्हती.

म्हणून फेब्रुवारी २००६ मध्ये तोच अल्बम पुन्हा आला. अमेलच्या आवाजात 'रेड ड्रेस', 'फॉलो मी होम' आणि 'गॉटा बी यू' नव्याने गाऊन घेतली, 'नाउ यू आर गॉन' हे नवं गाणं जोडलं. बाकीच्या गाण्यांत मूटियाच आहे. एकाच डिस्कवर गाणं बदलतं तसा तिसरा गळा बदलतो. ऐकताना गडबडायला होतं.

ओळखायची खूण: मागच्या बाजूला गाण्यांच्या यादीत 'नाउ यू आर गॉन' असेल तर ती दुसरी आवृत्ती. जुन्या सीडी विकणारे बहुतेक वेळा फक्त अल्बमचं नाव लिहितात, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो मागवा. 'रेड ड्रेस' ४ वर गेलं, 'फॉलो मी होम' ३२ वर. पहिलं नव्या मुलीच्या कुतूहलावर चाललं. दुसऱ्याच्या वेळी लोकांकडे अल्बम होताच, तेच गाणं पुन्हा कोण घेणार?

एकच घ्यायची तर मूळ घ्या. 'रेड ड्रेस'चं अमेलचं गायन जास्त धारदार आहे, पण सबंध अल्बम एका दमात ऐकायचा तर मूटियाचा.

---

उलटी_कॅसेट

जुनी_डिस्क, झकास. आता घसरणीकडे येऊ. माझं म्हणणं आधीच मांडलंय: २००७ पर्यंत दोन मुली बदलूनही गट माथ्यावर होता. मग २००८ मध्ये मुली त्याच असताना 'कॅटफाइट्स अँड स्पॉटलाइट्स' ८ वर का थांबला?

---

पावशेर_पॉप

कारण पहिलं गाणं जाहिरातीच्या चालीवर होतं. अर्नी के-डोचं जुनं गाणं ब्रिटनमध्ये बूट्स या औषध-प्रसाधनांच्या दुकानांच्या जाहिरातीत वाजत होतं. तेच धृपद घेऊन 'गर्ल्स' केलं. ओळखीची चाल म्हणून ते ३ वर गेलं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुकान आलं. दुसरं 'नो कॅन डू' २३ वर. बाकी अल्बम पितळी वाद्यांचा, साठीतल्या सोल वळणाचा. तोवर एमी वाइनहाउस आणि डफी यांनी तो बाजार भरून टाकलेला होता. चवथ्या रांगेत उभं राहून काय मिळणार?

मग घाबरून उलट टोक गाठलं. पुढचा अल्बम अमेरिकी निर्मात्यांकडे. 'गेट सेक्सी' स्मीझिंग्टन्सचं, म्हणजे तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला ब्रुनो मार्स आणि त्याचे साथीदार, त्यात राइट सेड फ्रेडच्या जुन्या गाण्याची ओळ. ऑगस्ट २००९ मध्ये ते २ वर गेलं. पुढच्याच महिन्यात कीशा बाहेर. आपण स्वतःहून निघालेलो नाही, असं तिने जाहीरपणे सांगितलं. जेड आली, अल्बमवरचे कीशाचे भाग जेडकडून पुन्हा गाऊन घेतले गेले.

---

मंद्रसप्तक

इथे मी धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. 'स्वीट ७' मार्च २०१० मध्ये १४ वर आला. 'अबाउट अ गर्ल' ८ वर, 'वेअर माय किस' ७ वर, म्हणजे सुटी गाणी चालत होती. अल्बम कोणी घेत नव्हतं.

का, ते गायनातच ऐकू येतं. त्या अल्बमवर आवाजांवर इतकी यांत्रिक सुरदुरुस्ती आहे की कोण गातंय ते कळत नाही. ज्या गटात प्रत्येक गळा वेगळा ऐकू येणं हीच खूण होती, तिथे तिन्ही गळे एका इस्त्रीखाली गेले. मग संच कोणताही असता तरी काय फरक पडला असता? आणि हेच उलटंही खरं: संच कोणताही चालेल असं ठरल्यावरच अशी गाणी निवडली जातात. गाणी आणि मुली ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत.

हायडी, अमेल, जेड कमी पडल्या असं मी म्हणणार नाही. अमेलने टिंची स्ट्रायडर या रॅपरबरोबर २००९ मध्ये नंबर वन दिलंच होतं. जेडचा गळा तयारीचा आहे. त्यांना त्यांच्या गळ्याची गाणी मिळाली नाहीत. २०११ मध्ये 'फ्रीडम' फुकट डाउनलोड म्हणून दिलं, त्यानंतर शांतता.

---

कलम_चाळीस

नावाचं थोडं स्पष्ट करतो, कारण शीर्षकात प्रश्न आहे आणि अजून कोणी हात लावलेला नाही.

गटाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं, पण सरसकट नाही, वर्गांनुसार. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. संगीतवाल्यांच्या कामाचे मुख्य चार: ९ वा (ध्वनिमुद्रणं), १६ वा (छापील माल आणि स्टेशनरी), २५ वा (कपडे), ४१ वा (करमणूक, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम). नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी मुदत असते, ब्रिटनमध्ये दोन महिने, युरोपीय कार्यालयात तीन.

मूटियाने २००९ मध्ये युरोपीय कार्यालयात 'शुगाबेब्ज' नावासाठी अर्ज केला. तिच्या पदरात पडलं ते कागद, स्टेशनरी, भेटवस्तूंचा कागद आणि रिबिनी यांपुरतं. थोडक्यात, ती त्या नावाच्या वह्या विकू शकत होती, त्या नावाने गाऊ शकत नव्हती. लोक यावर हसतात. पण कुठल्याही एका वर्गात पाय रोवला की समोरच्याला वाटाघाटीत तुम्हाला टाळता येत नाही.

लेखी करार नसेल तर काय? ब्रिटनमध्ये २००३ चा सॅक्सन या हेवी मेटल बँडचा निकाल यासाठी सांगतात. न्यायालयाने म्हटलं की नाव आणि त्याची पत भागीदारीची असते, एकेका सभासदाची नाही. सोडून जाणारा ती बरोबर नेऊ शकत नाही. पण हे मित्रांनी मिळून काढलेल्या बँडला लागू. मॅनेजरने मुली एकत्र आणल्या, कंपनीने करार केला, अशा गटात पहिला प्रश्न हाच की भागीदारी होती का. म्हणून अशा गटांत शिरणाऱ्याने दोन कलमं आधी वाचावीत: नाव कोणाच्या नावे नोंदतंय, आणि सगळे मूळ सभासद गेल्यावर त्याचं काय होणार.

---

नवखा_श्रोता

म्हणजे मधल्या काळात पहिल्या तिघी स्वतःच्याच नावाने गाऊ शकत नव्हत्या?

---

डबल_डेक

हो. २०१२ मध्ये तिघी परत एकत्र आल्या त्या नुसत्या पहिल्या नावांवर, मूटिया कीशा शिवॉन. पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. डेव्ह हाइन्सबरोबरचं 'फ्लॅटलाइन' २०१३ मध्ये आलं. गाणं अव्वल, समीक्षा उत्तम, क्रमांक ५०. जुलैमध्ये रेडिओवर आलं आणि विक्रीला सप्टेंबरात. वर लिहिलेली मागणी साठवण्याची युक्ती २००२ मध्ये चालत होती. २०१३ च्या श्रोत्याला आज आवडलेलं गाणं आजच हवं, तोवर तो यूट्यूबवर ऐकून मोकळा होतो. शिवाय रेडिओवर सांगितलेलं नाव कोणाच्या ओळखीचं नव्हतं.

२०१९ मध्ये नाव परत मिळालं. पहिलं काम डीजे स्पूनीबरोबर 'फ्लॉवर्स' या गॅरेज (ब्रिटिश क्लबांतल्या नाचाच्या संगीताचा एक प्रकार) गाण्याचं. २०२२ च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात अॅव्हलॉन मंचावर इतकी गर्दी झाली की तंबूत लोकांना सोडणं थांबवावं लागलं. आयोजकांनी २०२४ मध्ये मोठा वेस्ट होल्ट्स मंच दिला, तिथेही तेच. मधल्या सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या ओटू अरीनात स्वतःचा कार्यक्रम, कारकिर्दीतला तोवरचा सर्वांत मोठा. आणि कार्यक्रमात तिघी 'अबाउट यू नाउ'ही गातात, जे मूटिया आणि शिवॉन या दोघींनी मूळ मुद्रणात गायलेलंच नाही.

---

कलम_चाळीस

त्यात कायद्याची काही अडचण नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात रचनेचं मानधन परवाना संस्थेमार्फत लेखकांना जातं, आधी कोण गायलं याच्याशी संबंध नसतो.

---

जुनी_डिस्क

'फ्लॅटलाइन' ऐकायचं असेल तर 'द लॉस्ट टेप्स' घ्या, २४ डिसेंबर २०२२ ला तिघींनी स्वतःच काढला. त्या अडकलेल्या काळातली गाणी त्यात आहेत. दुसऱ्या संचासाठी 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' आणि 'थ्री', पहिल्यासाठी 'वन टच'. २०२१ ची वाढीव आवृत्ती मिळाली तर तीच, कच्ची मुद्रणं आणि रीमिक्स आहेत. २००६ चा 'ओव्हरलोडेड' हा संग्रह स्वस्तात मिळतो. पहिल्या तिन्ही संचांची गाणी त्यावर आहेत, 'ईझी' आणि 'गुड टू बी गॉन' ही दोन नवी.

---

पावशेर_पॉप

'थ्री' घेणार असाल तर 'टू लॉस्ट इन यू' हे पॅट्रिशिया कासच्या फ्रेंच गाण्याचं डायान वॉरनने केलेलं इंग्रजी रूप आहे, ते मूळही ऐका. मला कासचं जास्त आवडतं. मंद्रसप्तक आता भांडायला येतील.

---

मंद्रसप्तक

येणारच. कास एकटी गाते, त्यामुळे धृपदात फक्त आवाज मोठा होतो. इथे शेवटच्या धृपदात मूटिया खाली, हायडी वर आणि कीशा मधल्या मोकळ्या जागांत. ऐका आणि मग लिहा.